जुन्या रायफल-काडतुसांच्या पुंगळ्या आणि त्यांच्या बुडावरचे शिक्के : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या बोअरची (बोअर म्हणजे रायफलीच्या नळीचं माप आणि त्यावरून पडलेलं काडतुसाचं नाव) काडतुसं कारखान्यांनी कधीच बंद केली, त्यांच्या पितळी पुंगळ्यांबद्दल आमच्याकडे सतत विचारणा होते. काहींना घरातल्या जुन्या पेटीत चार पुंगळ्या सापडलेल्या असतात आणि त्या कुठल्या, हे जाणून घ्यायचं असतं. काही जण अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात राहतात, रीतसर जुन्या रायफली बाळगतात आणि नव्याने घडवलेल्या पुंगळ्यांवर आपला शिक्का मारून घेऊ पाहतात. दोघांचेही प्रश्न इथे एकत्र आहेत. दारू किती भरायची, हे या पानावर मिळणार नाही. इथे फक्त पुंगळी आणि तिच्यावरची अक्षरं.

१. काडतूस, पुंगळी, गोळी, टोपी यांत फरक काय?

काडतूस म्हणजे पूर्ण वस्तू. पुढे शिशाची किंवा तांब्याच्या आवरणातली गोळी, मागे पितळेची पुंगळी, पुंगळीत दारू आणि बुडाच्या मध्यभागी टोपी. रायफलीतली पिन टोपीवर आपटते, टोपी पेटते, दारू जळते आणि गोळी नळीतून निघून जाते. मागे उरते ती रिकामी पुंगळी. बातम्यांत ‘घटनास्थळी तीन पुंगळ्या सापडल्या’ असं वाचतो, ती हीच. बार उडताना पुंगळी दाबाने फुगून चेंबरच्या (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या पोकळीच्या) भिंतीला घट्ट बसते आणि पेटलेला वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ देत नाही. म्हणून पुंगळी चुकीची असेल तर इजा नेमबाजालाच होते. शिक्का असतो तो बुडावर, टोपीच्या भोवतीच्या गोल पट्टीत.

२. ‘बंद पडलेला बोअर’ कशाला म्हणायचं?

ज्याची काडतुसं आता कुठलाही मोठा कारखाना नियमितपणे काढत नाही, तो. ५७७ स्नायडर (१८६०च्या दशकातली), ५७७/४५० मार्टिनी-हेन्री (१८७१), स्पॅनिश आणि इजिप्शियन ४३, जर्मन ११ मिमी माउझर ही ठळक नावं. ३०३ ब्रिटिश १८८८ सालची, पण ती अजून बनते, म्हणून ती म्हातारी असली तरी या यादीत नाही.

हिंदुस्थानामुळे जन्माला आलेलेही काही बोअर आहेत. १९०७च्या सुमारास ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात ४५० बोअरच्या रायफली आणायला बंदी घातली. लष्करातून बाहेर गेलेल्या मार्टिनी-हेन्री रायफली अनेकांच्या हाती होत्या आणि शिकारीची ४५० ची काडतुसं फोडून त्यांतला माल त्या रायफलींत वापरला जाईल, अशी धास्ती होती. इथल्या शिकारी गिऱ्हाइकांवर जगणाऱ्या इंग्लिश बंदूककारांनी लगेच ४६५, ४७०, ४७६ असे शेजारचे बोअर काढले. त्यांतला ४७० आजही चालतो, बाकीच्यांच्या पुंगळ्या शोधाव्या लागतात. जुन्या संस्थानी शस्त्रागारांच्या याद्यांमध्ये ही विचित्र आकड्यांची गर्दी दिसते तिचं एक मोठं कारण हेच.

३. नावांमधल्या या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा?

एकच नियम नाही, हीच अडचण आहे. ब्रिटिश पद्धतीत ५७७/४५० म्हणजे मूळ ५७७ ची पुंगळी, तिचा गळा आवळून ४५० ची गोळी बसवलेली. दोन्ही आकडे इंचाचे हजारांश. जुन्या अमेरिकन पद्धतीत ४५-७० मधला पहिला आकडा बोअरचा आणि दुसरा काळ्या दारूच्या ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचं बारीक माप). पण ३०-०६ मधलं ०६ म्हणजे साल, १९०६. युरोपीय ८×५७ मध्ये पहिला गोळीच्या जाडीचा आणि दुसरा पुंगळीच्या लांबीचा आकडा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. शिक्क्यावर आकडा दिसला की आधी तो कुठल्या देशाचा हे ठरवा, मगच अर्थ लावा.

४. कारखान्यात शिक्का उमटतो कसा?

पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. पत्र्याची चकती कापून तिची वाटी करतात, ती वाटी टप्प्याटप्प्याने ओढून नळी करतात. प्रत्येक ओढीने पितळ कडक होतं, म्हणून मधूनमधून तापवून मऊ करावं लागतं. शेवटी बूड ठोकून सपाट करतात तेव्हाच टोपीचा खळगा घडतो आणि त्याच दाबात पंचावरची उलटी, उठावाची अक्षरं पितळेत सुलटी उतरतात. म्हणजे अस्सल शिक्का नंतर मारलेला नसतो, तो बुडाबरोबरच घडलेला असतो. या दाबाने बूड कठीण होतं आणि ते कठीण राहणं अत्यावश्यक आहे. गळा मऊ, बूड कठीण: चांगल्या पुंगळीची ही खूण पुढच्या बऱ्याच उत्तरांत येणार आहे.

५. बोअर बंद आहे, तर पुंगळ्या येतात कुठून?

तीन वाटा आहेत. पहिली, छोटे उत्पादक. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या बर्ट्रॅमसारख्या कंपन्या जुन्या बोअरच्या पुंगळ्या नव्याने काढतात आणि त्यांवर योग्य बोअरचा शिक्का असतो. दुसरी, पितळी सळईतून लेथवर कातून काढलेल्या. तिसरी आणि सर्वांत जुनी, दुसऱ्याच पुंगळीला नवा आकार देणं. मार्टिनी-हेन्रीवाले अनेक वर्षं मॅगटेक कंपनीची २४ गेजची (गेज हे शॉटगनच्या नळीचं माप) पितळी शॉटगन-पुंगळी घेऊन साच्यातून टप्प्याटप्प्याने दाबतात, गळा आवळतात आणि तिची ५७७/४५० करतात. ३०-०६ ची पुंगळी आखूड करून ७.६५ अर्जेंटाइन माउझरची करतात. शिक्क्याचा सगळा घोळ या तिसऱ्या वाटेवर सुरू होतो.

६. मग वेगळा शिक्का हवाच कशाला? मला माहीत आहे ना पुंगळी कसली आहे.

तुम्हाला आज माहीत आहे. दहा वर्षांनी तुमच्या मुलाला किंवा डबा विकत घेणाऱ्याला माहीत नसेल. तो बुडावर ‘३०-०६’ वाचेल आणि विश्वास ठेवेल. ‘एस’ जातीच्या ८×५७ ची (प्रश्न २० पाहा) गोळी ०.३२३ इंचाची, ३०-०६ ची ०.३०८ इंचाची. ३०-०६ पासून घडवलेलं ८×५७ चं काडतूस जुन्या शिक्क्यासकट राहिलं आणि शिक्का वाचून कुणी ते ३०-०६ मध्ये घातलं, तर जाड गोळी अरुंद नळीत रेटली जाते आणि दाब कुठल्या कुठे जातो. आमच्या मते शिक्का मारून घेण्याचं सर्वांत भक्कम कारण हेच आहे. दिसायला छान दिसतो हे त्यानंतरचं.

दुसरं कारण प्रवासाचं. आफ्रिकेतल्या काही देशांत शिकारीसाठी तात्पुरत्या परवान्यावर रायफल नेताना कागदावरचा बोअर, रायफलीवरचा बोअर आणि काडतुसाच्या बुडावरचा बोअर जुळतो का, हे अधिकारी पाहू शकतात. जुळला नाही तर समजावत बसावं लागतं.

७. शिक्क्यात काय लिहावं?

बोअरचं पूर्ण नाव आणि घडवणाऱ्याची खूण, एवढं पुरे. जमल्यास साल. ‘४००’ एवढंच लिहू नका. ४५०/४०० नावाची निदान दोन वेगळी काडतुसं आहेत: एक सव्वातीन इंची पुंगळीचं, जुन्या काळ्या दारूच्या काळातलं, आणि दुसरं तीन इंची, १९०२चं, जेफ्री या इंग्लिश बंदूककाराचं. आकडा तोच, पुंगळी वेगळी. इथे शिक्क्यात लांबी आलीच पाहिजे. जागा कमी असेल तर स्वतःची आद्याक्षरं गाळा, बोअर गाळू नका. आपली खूण ठरवताना एखाद्या जुन्या कारखान्याच्या खुणेशी ती मिळतीजुळती नाही, हे आधी तपासा (प्रश्न ११ आणि १२ पाहा).

८. बाजारातले अक्षरांचे पंच आणि हातोडी घेऊन घरीच मारला तर?

नको. आणि भरलेल्या काडतुसावर किंवा टोपी बसवलेल्या पुंगळीवर तर कधीही नाही. टोपीतलं रसायन ठोक्यानेच पेटण्यासाठी बनवलेलं असतं. तिच्या शेजारी हातोडी मारणं म्हणजे बार उडवणं.

रिकाम्या पुंगळीतही प्रश्न उरतोच. हातोडीचा ठोका तिरका बसतो, टोपीचा खळगा लंबगोल होतो, मग टोपी सैल बसते आणि वायू मागे गळतो. बुडाची कड किंचित वाकली तरी पुंगळी चेंबरमध्ये नीट टेकत नाही. जे कारागीर हे काम करतात ते टोपी काढून टाकतात, पुंगळीत आतून नेमक्या मापाचा पोलादी दांडा बसवतात, खळग्यातही आधार देतात आणि प्रेसवर सावकाश दाब देऊन सगळी अक्षरं एका पंचाने एकदम उमटवतात. अक्षरं उथळ ठेवतात. नंतर खळगा मापाच्या उपकरणाने तपासतात. आणि बूड तापवून मऊ करून शिक्का सोपा करायचा विचार मनात आला, तर प्रश्न ४ चं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा.

९. लेझरने कोरलेलं चालतं का?

चालतं, आणि थोड्या पुंगळ्यांसाठी तेच बरं. ठोका नाही, आकार बिघडत नाही, एकेका पुंगळीवर वेगळा मजकूर घालता येतो. वारंवार घासल्यावर अक्षरं पुसट होतात, म्हणून खोली अगदी नावापुरती ठेवू नये.

१०. आधीचा शिक्का घासून काढावा का?

लेथवर बुडावरून हलका हात फिरवून काढता येतो, पण प्रत्येक वेळी पितळ कमी होतं. बुडाची आणि कडेची जाडी ठरलेल्या मापाची असते. ती घटली की पुंगळी चेंबरमध्ये पुढे-मागे हलते आणि टोपीचा खळगाही उथळ होतो. पुष्कळ जण जुनी अक्षरं तशीच ठेवून त्यांवर एक आडवी रेघ कोरतात आणि शेजारी नवा बोअर लिहितात. आम्हाला ही पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण पुंगळी आधी काय होती आणि आता काय आहे हे दोन्ही त्यात राहतं. मॅगटेकच्या २४ गेजच्या पुंगळीवर बूड ऐसपैस असल्यामुळे हे सहज बसतं. लहान बुडावर मात्र गिचमिड होते, तिथे निवड करावी लागते.

११. जुन्या कारखान्याचा हुबेहूब शिक्का मारून मिळेल का? संग्रहात शोभून दिसेल.

तांत्रिकदृष्ट्या जमेल, पण करू नये आणि कुणी देऊ केलं तर घेऊ नये. वुलविचच्या रॉयल लॅबोरेटरी या ब्रिटिश सरकारी दारूगोळा कारखान्याच्या ‘आर’ आणि ‘एल’ या अक्षरांच्या मधल्या बाणावरून, सालावरून, मार्कच्या (काडतुसाच्या आवृत्तीच्या) आकड्यावरून संशोधक एखादी लढाई, एखादी पलटण, एखादा पुरवठा शोधून काढतात. खोटी पुंगळी एकदा बाजारात आली की ती खऱ्यांत मिसळते आणि परत वेगळी करता येत नाही. प्रतिकृतीच हवी असेल तर तिच्यावर ती प्रतिकृती असल्याचं स्पष्ट लिहा आणि आजचं साल घाला.

१२. आजोबांच्या पेटीतल्या पुंगळीवर ‘के’ आणि ‘एफ’ अशी अक्षरं आहेत. ही कुठली?

हा प्रश्न महाराष्ट्रातून सर्वांत जास्त येतो, आणि उत्तर पुण्यातच आहे. ‘केएफ’ म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना. इंग्रजीत तेव्हा ‘किर्की’ लिहीत. कारखाना १८६९चा. ब्रिटिश काळातल्या ३०३ च्या पुंगळीवर ‘केएफ’ सोबत सालाचे दोन आकडे आणि मार्क दिसतो. दुसऱ्या महायुद्धात इथली काडतुसं फार दूरवर गेली, त्यामुळे परदेशी संग्राहकांच्या पेट्यांतही खडकी सापडते आणि ती कुठे आहे हे ते आपल्याला विचारतात!

‘८ एमएम केएफ’ असं लिहिलेलं असेल तर ते ३१५ बोअरचं काडतूस. ८ मिमी म्हणजे ०.३१५ इंच, दोन्ही एकच. ३०३ हा लष्करी बोअर सामान्य माणसाला वर्ज्य ठेवला गेला, म्हणून नागरी परवानाधारकांसाठी जुन्या ऑस्ट्रियन ८×५०आर मानलिखरच्या आकाराचा हा बोअर पुढे आला. ऑस्ट्रियात कधीच निवृत्त झालेली पुंगळी आपल्याकडे अजून नोकरीत आहे.

‘ओएफव्ही’ दिसलं तर ते जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव. तो कारखाना १९६०च्या दशकातला. खडकी आणि वरणगाव हे दोन्ही कारखाने ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत.

१३. ३०३ वर सातचा आकडा, कधी पुढे ‘झेड’, कधी ‘जी’ असतं. ते काय?

सात म्हणजे मार्क सात, १९१०पासूनचं टोकदार गोळीचं नेहमीचं काडतूस; आधी हा आकडा रोमन पद्धतीने लिहीत, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस साध्या आकड्यात. ‘झेड’ म्हणजे कॉर्डाइट या नेहमीच्या दारूऐवजी नायट्रोसेल्युलोज दारू. ‘जी’ म्हणजे मागे उजेडाची रेघ सोडणारी, ‘डब्ल्यू’ म्हणजे चिलखतभेदी, ‘बी’ म्हणजे आग लावणारी. शेवटच्या तीनपैकी अक्षर असलेलं, गोळीसकट काडतूस हातात असेल तर ते खाली ठेवा आणि थेट प्रश्न १७ वर जा.

१४. अमेरिकन ४५-७० वर ‘आर एफ ३ ८२’ आहे. कोड कसा वाचायचा?

आर म्हणजे रायफलीसाठी, एफ म्हणजे फ्रँकफर्ड आर्सेनल हा अमेरिकन सरकारी दारूगोळा कारखाना, पुढे महिना आणि साल: मार्च १८८२. ‘आर’ च्या जागी ‘सी’ असेल तर ते कार्बाइनसाठीचं (कार्बाइन म्हणजे आखूड नळीची रायफल).

१५. भारतात पुंगळ्या घडवणं, शिक्का मारणं, जवळ ठेवणं चालतं का?

घडवायचा विचार सोडून द्या. १९५९च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात, आणि कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवणं, विकणं, त्यात बदल करणं हे सगळं परवान्याखाली आहे. साधा शस्त्र परवाना त्यासाठी पुरत नाही. गावातल्या लेथवाल्याकडून कातून घेतलं, तर तुमच्याबरोबर तोही अडचणीत येतो.

जुनी रिकामी पुंगळी नुसती जवळ असण्याबद्दल कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना सवलत आहे, पण अट अशी की ते भाग इतर पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नसावा. घरात एक वापरलेली पुंगळी असणं आणि पुंगळ्या, टोप्या, दारू, साचे असं सगळं एकत्र असणं, या दोन गोष्टी कायद्याच्या नजरेत सारख्या नाहीत. संग्रह वाढवायचा असेल तर आधी लेखी विचारणा करा: पोलिस आयुक्तालयाच्या शहरात पोलिस आयुक्तांकडे, अन्यत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे.

१६. मी अमेरिकेत एच-१बी वर आहे. रायफल नाही, फक्त रिकाम्या पुंगळ्या जमवतो. काही हरकत?

हरकत असू शकते, आणि हे फार जणांना माहीत नसतं. तिथल्या संघीय कायद्यात ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येतच काडतुसाची पुंगळी धरलेली आहे. नॉनइमिग्रंट (एच-१बीसारख्या तात्पुरत्या) व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक आणि दारूगोळा बाळगायला त्याच कायद्याने मनाई आहे. अपवाद मोजके आहेत, त्यांतला नेहमीचा म्हणजे वैध शिकार परवाना. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. म्हणून एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर पहिली पुंगळी घेण्याआधी वकिलाला विचारा. शिवाय पुंगळ्या बनवून विकायच्या असतील तर नागरिकालाही दारूगोळा उत्पादनाचा संघीय परवाना लागतो, आणि अमेरिकेबाहेर पाठवायच्या तर निर्यातीचे नियम वेगळे.

भारतात येताना त्या आठवण म्हणून बॅगेत टाकू नका. तपासणी यंत्रात रिकामं आणि भरलेलं दोन्ही सारखंच संशयास्पद दिसतं, आणि विमान निघून गेल्यावर तुमचं म्हणणं खरं होतं हे सिद्ध होऊन काही उपयोग नसतो.

१७. वाडा पाडताना गोळीसकट काडतुसं सापडली. शंभर वर्षं जुनी आहेत, आता निकामीच असतील ना?

असं गृहीत धरू नका. कोरडी राहिलेली काळी दारू शतकानंतरही पेटते. हलवू नका, घासू नका, शिक्का वाचायला पुसू नका. लांबून फोटो काढा आणि पोलिस ठाण्यात कळवा. शिक्का वाचायचा तो फोटोवरून.

१८. पेटीतल्या पुंगळ्यांच्या गळ्याला आपोआप उभ्या चिरा गेल्या. कुणी वापरल्या नाहीत, मग कशा तडकल्या?

या प्रश्नाचा हिंदुस्थानशी जुना संबंध आहे. १९व्या शतकात ब्रिटिश लष्कराला इथे पावसाळ्यात कोडं पडलं होतं: तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या न वापरताच तडकायच्या. कारण कळलं १९२१मध्ये. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतला दमटपणा आणि ओढून-दाबून घडवलेल्या पितळेत साठलेला ताण, हे तिन्ही जमलं की पितळ कणांच्या सांध्यांतून फाटतं. गळा शेवटी हलका तापवला की ताण सुटतो आणि चिरा टळतात. लष्करी पुंगळ्यांच्या गळ्यावर जो निळसर-तांबूस पट्टा दिसतो तो या तापवण्याचा.

आपल्या कामाशी याचा थेट संबंध आहे. आकार बदललेल्या पुंगळीत नवा ताण साठतो, त्यामुळे तिला हा धोका जास्त. पितळ चमकवण्याच्या बऱ्याच द्रवांत अमोनिया असतो, ते वापरू नका. गोठ्याजवळ किंवा फिनेल-ॲसिडच्या बाटल्यांच्या कपाटात ठेवू नका. काही जुन्या टोप्यांत पाराही असायचा. बार उडाल्यावर तो पितळेत मुरतो आणि पुंगळी ठिसूळ होते. अशी पुंगळी बाहेरून सुंदर दिसते, पण तिला साच्यात घालू नये.

१९. शिक्क्यावरून बंदूक ओळखता येते का?

नाही. शिक्का कारखाना आणि बोअर सांगतो. विशिष्ट बंदुकीची ओळख पिनच्या खड्ड्यावरून आणि बुडावर उमटलेल्या ओरखड्यांवरून न्यायवैद्यक तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली लावतात. संग्रहातली वापरलेली पुंगळी जोरात घासू नये त्याचं हेही एक कारण.

२०. ८×५७ वर कधी ‘जे’, कधी ‘आय’, कधी ‘एस’ असतं. शिक्का मारताना फरक पडतो?

पुष्कळ. ‘जे’ आणि ‘आय’ एकच: १८८८च्या जर्मन रायफलीच्या काळातली ०.३१८ इंची गोळी. ‘एस’ म्हणजे १९०५च्या सुमारास आलेली ०.३२३ इंची. पुंगळी जवळपास तीच, त्यामुळे दोन्ही काडतुसं एकाच चेंबरमध्ये शिरू शकतात, आणि जुन्या अरुंद नळीत जाड गोळी जाणं धोक्याचं. शिक्क्यातून ‘एस’ गाळलात तर पुढच्या माणसाकडे ओळखायला काही उरत नाही.

२१. शिक्का एक सांगतो, मापं दुसरंच सांगतात. कुणाचं खरं मानायचं?

मापांचं, नेहमीच. व्हर्नियरने पाच मापं घ्या: बुडाच्या कडेचा व्यास, कडेची जाडी, कडेच्या लगेच पुढचा व्यास, गळ्याचा व्यास, एकूण लांबी. कडेचा व्यास सर्वांत विश्वासाचा, कारण आकार बदलताना लोक गळा आणि लांबी बदलतात, कड सहसा तशीच राहते. म्हणून मूळ पुंगळी कुठली हे कडेवरून कळतं आणि ती नंतर काय झाली हे गळ्यावरून. पुंगळीच्या तोंडातून टॉर्च मारून आत बुडाकडे पाहा: मध्ये एकच छिद्र असेल तर टोपीची बॉक्सर पद्धत, दोन बारीक छिद्रं असतील तर बर्डन पद्धत. २४ गेजमधून घडवलेली मार्टिनी-हेन्री ओळखायला हे दोन मिनिटांचं काम आहे.

रायफल हाताशी असेल आणि परवाना असेल, तर तिच्या चेंबरचा ठसा जाणकार बंदूक-कारागिराकडून काढून घ्या आणि पुंगळी त्याच्याशी ताडा. रायफलीच्या नळीवर कोरलेला बोअरही मागाहून बदललेला असू शकतो. तिन्ही जुळेपर्यंत नवा शिक्का मारू नका. तोवर पुंगळीवर कायम खूण न करता दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधा, तिच्यावर पाचही मापं, कुठे मिळाली ते ठिकाण आणि तारीख लिहा.